खाते गावात, माणूस फडावर

दसरा झाला की घनसावंगी, अंबड, मंठा, परतूर या तालुक्यांतल्या वाड्यातांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहू लागतात. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, पीठमीठ, लेकरे, कुणाची बैलजोडी असे सगळे त्यांत चढते आणि पुढचे चार-पाच महिने त्या कुटुंबाचा पत्ता म्हणजे उसाच्या फडाशेजारची कोपी. फड संपला की कोपी उठते आणि दुसऱ्या शिवारात उभी राहते. जालना जिल्ह्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली ऊस पिकतो, कारखानेही आहेत. तरीही कोरडवाहू गावांतली माणसे सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पार बेळगाव-बागलकोटपर्यंत तोडीला जातात. या कुटुंबांच्या हाती वर्षातली सर्वांत मोठी रक्कम नेमकी याच हंगामातून येते, आणि त्यांचे बँक खाते मात्र तीनशे-चारशे किलोमीटरवर तालुक्याच्या गावी असते. खाते असून ते हाताशी नाही, म्हणून सगळा व्यवहार रोखीने, तोंडी आणि टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीवर चालतो. हे बदलता येते. त्यासाठीची निम्मी तयारी गाव सोडण्याआधी करावी लागते.

अमेरिकेत गाडीलाच घर करून बारमाही फिरणारे हजारो लोक आहेत. त्यांच्यापुढची अडचण उलटी आहे. बँकेला कायमचा पत्ता हवा आणि यांना पत्ताच नाही, म्हणून साउथ डकोटासारख्या राज्यात ते टपाल स्वीकारणाऱ्या संस्थेचा पत्ता घेतात. आपल्या ऊसतोड कामगाराला गाव आहे, घर आहे, आधारवर पत्ता आहे. त्या पत्त्यावर तो अर्धे वर्ष नसतो एवढेच. म्हणून नवा पत्ता शोधण्याची गरज नाही. गावचे खाते तसेच पक्के ठेवायचे आणि त्याच्या किल्ल्या बरोबर न्यायच्या. मोबाइल क्रमांक, बोटाचा ठसा, कार्ड आणि कागद या त्या किल्ल्या.

पण आधी मूळ शंकेला उत्तर दिले पाहिजे. उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, तर निघायच्या आधीच लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात संपून जाते, मग खात्यात ठेवायचे काय? खरे आहे, शिल्लक ठेवायला फारसे काही उरत नाही. मात्र खाते शिल्लक ठेवण्यापुरतेच असते हा समज सोडावा लागेल. या धंद्यात खात्याचे सर्वांत मोठे काम साक्षीदाराचे आहे. हिशेब मांडून पाहा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला साधारण ३६६ रुपये झाले. समजा एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, एक लाख उचल घेतली. ती फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागेल. रोजचे दोन टन धरले तरी एकही खाडा न पडता १३७ दिवस. २०२४-२५ चा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि मार्च उजाडता-उजाडता बरेच कारखाने बंद पडू लागले. शंभरच दिवस तोड मिळाली तर २०० टन होतात, त्याचे ७३,२०० रुपये. अंगावर २६,८०० रुपयांची बाकी राहते, आणि दर पंधरवड्याला घरखर्चासाठी घेतलेली खर्ची त्यात मिळवलेलीच नाही. हीच बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत वळती होते. मुळात उचल ८० हजार घेतली की एक लाख, खर्ची आठ वेळा घेतली की दहा वेळा, हे दोन वर्षांनी कोण सांगणार? ज्याच्याकडे वही तो सांगणार. खात्यावर आलेल्या रकमेची तारीख आणि आकडा मात्र कुणालाच बदलता येत नाही.

यावर लगेच प्रश्न येतो की मुकादम खात्यावर पैसे देईल का. सगळे पैसे खात्यावर द्या असा हट्ट धरला तर बहुतेक जण नाहीच म्हणतील, आणि कामाची गरज असलेल्या माणसाने तेवढ्यासाठी टोळी सोडावी असे सांगणे शहाणपणाचे नाही. पण मुकादमाचीही अडचण आहे. दोघांकडून उचल घेऊन एकाकडेच गेलेली माणसे, उचल घेऊन आलेच नाहीत असे कोयते यांनी मुकादमही बुडतात, आणि त्यांच्याकडेही पुरावा नसतो. त्यामुळे मागणी अशी ठेवावी: पहिली मोठी रक्कम आणि हंगामाच्या शेवटच्या हिशेबाची रक्कम खात्यावर यावी, मधली खर्ची रोख चालेल. रोख खर्ची घेतली की त्याच दिवशी तारखेसह आकडा मुकादमाला मोबाइलवर लिहून किंवा बोलून पाठवावा. ऊस वाहून गेला की वजनपावती वाहनमालकाच्या हाती राहते, तिचा फोटो घ्यावा. खात्याचा उतारा, हे निरोप आणि पावत्यांचे फोटो असे तिन्ही एकत्र ठेवले तर हिशेबाला बसताना कोयत्याची बाजू नुसत्या आठवणीवर उभी राहत नाही.

आता खाते कोणते ठेवायचे. गावातली पतसंस्था दोन टक्के जास्त व्याज देते, तिचा माणूस दारात येऊन पैसे नेतो, आणि मग बँकेची रांग कशाला असे वाटते. फिरतीवरच्या माणसासाठी मी याच्या स्पष्ट विरोधात आहे. पतसंस्थेतले पैसे बेळगावच्या फडावर अंगठा लावून निघत नाहीत. बँकेतल्या ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे, ते पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट सोसायटीला नाही. मराठवाड्यात अलीकडे बंद पडलेल्या मल्टिस्टेटच्या दारात उभ्या राहिलेल्या ठेवीदारांना याची किंमत कळली आहे. जनधन खाते असेल तर तेच पुरेसे आहे. त्यात किमान शिल्लक लागत नाही आणि महिन्यातून चार वेळा पैसे काढणे मोफत असते. एकच तपासून घ्यावे. कागदपत्रे अपुरी असताना उघडलेले ‘लघु खाते’ असेल तर त्यातून महिन्याला दहा हजारांपेक्षा जास्त काढता येत नाहीत, शिल्लक पन्नास हजारांच्या वर जाऊ शकत नाही आणि वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. अशा खात्यावर लाखाची उचल घ्यायला गेलात तर ती अडकेल. आधार आणि पॅन किंवा फॉर्म ६० देऊन ते निघण्याआधी पूर्ण खाते करून घ्यावे.

कारखान्याच्या गावी नवे खाते उघडून टाकू, सोपे पडेल, असेही काही जण म्हणतात. हा सल्ला वरून चांगला दिसतो आणि हमखास घात करतो. सरकारी योजनांचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, आणि जोडणी एका वेळी एकाच बँकेशी असते, शेवटी जिला संमती दिली तिच्याशी. परगावच्या केंद्रावर खाते उघडताना अर्जावरच्या जोडणीच्या संमतीवर अंगठा उमटला, की लाडकी बहीणचे दीड हजार असोत की शेतकरी सन्मान निधीचा हप्ता, सगळे त्या नव्या खात्याकडे वळते. हंगाम संपल्यावर ते खाते, ते पासबुक आणि तो गाव मागे राहतो, आणि इकडे बाई तहसीलला खेटे घालते की माझे पैसे बंद का झाले. पैसे बंद झालेले नसतात, दुसरीकडे जमा होत असतात. आपले आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे हे आधारच्या संकेतस्थळावर किंवा बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीकडे, म्हणजे बँक मित्राकडे, पाहता येते. निघण्याआधी घरातल्या प्रत्येक खातेदाराचे एकदा पाहून घ्यावे.

निघण्याआधीचे दुसरे काम आहे केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याची पडताळणी, आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्याने सध्या सर्वांत जास्त खाती अडकतात. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. सर्वसाधारण खात्याची केवायसी दर दहा वर्षांनी नवी करावी लागते, म्हणजे पहिल्या लाटेत उघडलेल्या खात्यांची मुदत येऊन गेली. मुदत उलटली आणि बँकेने व्यवहार थांबवला तर फडावर अंगठा लावून काही उपयोग नाही. पत्ता बदललेला नसेल तर तसे लिहून दिलेले साधे निवेदन चालते, आणि २०२५ पासून हे काम बँक मित्राकडेही करता येते. भादवा-अश्विनात शेतात सुगीची गडबड असते, तरी यासाठी एक दिवस काढावा. दोन वर्षे खातेदाराने स्वतः एकही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते आणि दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तेव्हाही ती मिळते, पण हेलपाटे वाढतात. हंगामात एकदा शंभर रुपये काढले तरी खाते जिवंत राहते.

मोबाइल क्रमांकाचे महत्त्व फिरतीवर दुप्पट होते. गावात पासबुक भरून घेता येते, फडावर पैसे आले-गेल्याची बातमी फक्त मेसेज देतो. बऱ्याच खात्यांना मुकादमाचा, दुकानदाराचा, नाहीतर कधीच बंद पडलेला क्रमांक जोडलेला असतो. रिचार्ज न केलेले सिम सलग ९० दिवस वापरले नाही तर बंद होऊ शकते आणि पुढे तोच क्रमांक दुसऱ्या कुणाला मिळतो. मग तुमच्या खात्याचा ओटीपी त्याच्याकडे जातो. वीस रुपये शिल्लक असेल तर सिमला आणखी ३० दिवस मिळतात, हा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्मार्टफोन नाही म्हणून फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत, हेही खरे नाही. साध्या फोनवर *९९# लावून शिल्लक पाहता येते आणि पाच हजारांपर्यंत पैसे पाठवता येतात, त्याला इंटरनेट लागत नाही. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली यूपीआय १२३पे ही सेवाही साध्या फोनसाठीच आहे. फक्त पिन ठरवायला डेबिट कार्ड किंवा आधार आणि जोडलेला क्रमांक लागतो, म्हणून हेही गावातच उरकावे आणि एक रुपया पाठवून खात्री करावी.

अंगठा लावून पैसे काढणे ही फडावरची सर्वांत सोयीची व्यवस्था. कोणत्याही बँकेचे खाते, कोणत्याही गावचा बँक मित्र, एका वेळी दहा हजारांपर्यंत, कर्नाटकातही. पण तिच्यात एक अडचण आहे, आणि तिला ऊसतोडीइतके कारण दुसऱ्या कोणत्याच कामात नसेल. कोयत्याची मूठ आणि उसाची धार यांनी बोटांच्या रेषा झिजतात, डिसेंबरपर्यंत यंत्र ठसा ओळखेनासे होते. म्हणून गावातच दहाही बोटे लावून पाहावीत आणि कोणते बोट हमखास लागते ते ध्यानात ठेवावे. बहुधा करंगळी किंवा अनामिका टिकते, कारण तिच्यावर घासण कमी. आधार केंद्रावर ठसे नव्याने घेता येतात. तरीही एकट्या बोटावर भिस्त ठेवू नये, रुपे कार्ड आणि त्याचा पिन बरोबर असावाच. आणि एक सावधगिरी. ‘ठसा लागला नाही, पुन्हा लावा’ म्हणत काही ठिकाणी दोनदा पैसे काढले जातात. पहिला प्रयत्न फसला की मेसेज पाहावा, नाहीतर पावती मागावी, आणि मगच दुसऱ्यांदा बोट ठेवावे. पैसे वजा झाले आणि हातात पडले नाहीत तर ते पाच दिवसांत परत जमा व्हायला हवेत, पुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने शंभर रुपये द्यावेत असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. खात्यातून कुणी पैसे लांबवले तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि बँकेला त्याच दिवशी कळवावे. चूक तुमची नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर तोटा तुमच्यावर येत नाही. एकदा पंधरवड्याचे पैसे काढले की पुढचे काही दिवस आधारचे ठसे कुलूपबंद ठेवता येतात, स्मार्टफोन असलेल्या टोळीतल्या पोराला ते जमते.

या सगळ्यापेक्षा रोख बाळगणे सोपे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कोपी पाचटाची असते, चूल तिच्याच तोंडाशी, आणि दार म्हणजे गोणपाट. पहाटे चारला फडात गेलेल्या माणसाचे पैसे दिवसभर त्या गोणपाटाच्या भरवशावर राहतात. आठवड्याच्या बाजारापुरते आणि रात्री-बेरात्री दवाखान्यात जावे लागले तर लागतील एवढे, म्हणजे दोन-तीन हजार, जवळ ठेवावेत. उसाचे वाढे चारा म्हणून विकून आलेली रोखही त्यात धरावी. बाकी खात्यात.

आता सर्वांत अवघड मुद्दा. कोयता म्हणजे दोघे जण, पण पैसा एकाच्या नावावर येतो. बाई ऊस साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, स्वयंपाक करते, आणि हिशेबाच्या वहीत तिचे नाव नसते. नवरा-बायकोत वेगळे कशाला, असे विचारणाऱ्यांना न्यायाची भाषा पटत नसेल तर व्यवहाराची तरी पटावी. परमुलखात नवऱ्याला अपघात झाला तर त्या आठवड्यात पैसे तिला लागतील, आणि त्याचे खाते तिला वापरता येणार नाही. नामनिर्देशन असले तरी दावा मिळायला दिवस जातात, नसले तर महिने. म्हणून उचलीचा आणि शेवटच्या हिशेबाचा निम्मा भाग तिच्या स्वतंत्र खात्यावर यावा, त्याला तिचाच मोबाइल क्रमांक असावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. दोघांनी एकमेकांचे आणि घरी राहिलेल्या आई-वडिलांचे नाव घालावे.

याच ठिकाणी खरी भीती पुढे येते, आणि ती खोटी ठरवून चालणार नाही. पीककर्ज थकले आहे, खात्यावर पैसे आले की बँक कापून घेईल. त्याच बँकेतले थकीत कर्ज असेल तर असे होऊ शकते. यावर उपाय खाते टाळण्याचा नाही. मजुरीचे पैसे अशा बँकेतल्या खात्यावर घ्यावेत जिथे तुमचे कर्ज नाही, किंवा बायको कर्जदार नसेल आणि जामीनदारही नसेल तर तिच्या खात्यावर. फक्त नवे खाते उघडताना वर सांगितलेली आधार-जोडणी हलू देऊ नये. कर्जाच्या बाबतीत उलटी भीतीही बाळगायला हवी. उचलीच्या वेळी आधार, फोटो आणि कोऱ्या कागदावर अंगठा दिला जातो, तो कशासाठी हे कुणी विचारत नाही. २०१७ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या नावांवर परस्पर कर्जे उचलल्याचे प्रकरण गाजले, आणि आपल्या नावावर कर्ज आहे हे लोकांना बँकेची नोटीस आल्यावर कळले. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवी रेघ मारून कारण आणि तारीख लिहावी. वर्षातून एकदा आपल्या नावावरच्या सर्व कर्जांचा पत अहवाल मोफत मिळतो. गावातल्या शिकलेल्या मुलामुलींनी आपल्या वस्तीतल्या वीस-पंचवीस जणांचे अहवाल पावसाळ्यात काढून दिले, तर ते फार मोलाचे काम होईल.

गावी राहिलेल्या म्हातारीकडे आणि शाळकरी पोरांकडे पैसे पोहोचवण्याची चिंता पोस्टामुळे हलकी होते. सप्टेंबर २०१८ पासून सुरू झालेल्या पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन, कोणत्याही बँकेच्या खात्यातले पैसे अंगठ्यावर देतो. फडावरून आईच्या खात्यात पाठवायचे आणि तिने पोस्टमनकडून घ्यायचे. घरातल्या मोठ्या मुलाला आपला पिन सांगून जाण्याची पद्धत मात्र सोडावी. खर्चापुरती मुभा द्यायची तर यूपीआय सर्कल ही सोय आहे. तिच्यात महिन्याला पंधरा हजारांपर्यंत मर्यादा घालून दुसऱ्याला वापर देता येतो, पिन न सांगता.

शेवटी विम्याबद्दल, कारण त्याचा धागा थेट खात्याच्या वापराशी बांधलेला आहे. जनधनच्या रुपे कार्डावर अपघाती विमा असतो. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना दोन लाख, आधीच्यांना एक लाख. पण अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत ते कार्ड किमान एकदा वापरलेले असावे लागते. ट्रंकेत ठेवलेल्या कार्डाचा विमा म्हणूनच मिळत नाही. डिसेंबरात आणि फेब्रुवारीत एकेकदा एटीएमवर जाऊन शिल्लक पाहिली तरी पुरते. याशिवाय २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा, प्रत्येकी दोन लाखांचे. पहिल्याला ७० वर्षांपर्यंत आणि दुसऱ्यात प्रवेशाला ५० वर्षांपर्यंत वयाची अट. उसाच्या ट्रॉलीखाली, विहिरीत, रस्त्यावर जाणारे जीव पाहिले तर हे विमे या कुटुंबांनीच सर्वांत आधी घ्यायला हवेत. अपघात जिथे झाला तिथल्या पोलीस ठाण्याचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल दाव्याला लागतो. कर्नाटकातून गावी परतल्यावर तो मिळवणे फार जड जाते, म्हणून टोळी हलण्याआधीच नकला मागून घ्याव्यात. या दोन्ही विम्यांचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि हप्ते मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून आपोआप कापले जातात. त्या वेळी टोळ्या परतलेल्या असतात, पण लग्नसराईत खाते रिकामे झालेले असते, आणि ४५६ रुपयांअभावी चार लाखांचे संरक्षण तुटते. एप्रिलात परतल्यावर पासबुक भरून घ्यायला जाल, तेव्हा दोघांचे मिळून ९१२ रुपये बाजूला राहतील एवढे पाहावे, आणि ३१ मेनंतर पुन्हा एकदा पासबुकात ते वजा झाले का हे बघावे.